इंदूरच्या पाण्यात हातचा साबण: शोधावा, पारखावा आणि वापरावा कसा

दिवाळी जवळ आली की गांधी हॉलच्या प्रदर्शनांत, मराठी मंडळांच्या मेळ्यांत हाताने केलेल्या साबणाचे एक-दोन स्टॉल हमखास दिसतात. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक वडी उचलतं ती थेट नाकाशी नेतं. वासावर भाळून घेतलेली ती वडी मग पंधरा दिवसांत बाथरूममध्ये लगदा होऊन पडते आणि 'घरगुती साबणात काही दम नसतो' असा शेरा बसतो. यात मन लावून काम करणाऱ्या कारागिराचं नुकसान होतं आणि आपणही एका चांगल्या गोष्टीला मुकतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: नाक सगळ्यात शेवटी वापरा. आधी आपल्या घरचं पाणी बघा, मग साबणातलं तेल आणि मग वडी साच्यात ओतल्याची तारीख.

आधी घरचं पाणी

इंदुरात एकाच गल्लीतल्या दोन घरांत एकच साबण वेगवेगळा वागतो. एका घरी नर्मदेचं पाणी येतं, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवून आणलेलं. दुसऱ्या घरी टाकीत बोरिंगचं पाणी असतं. पुष्कळ घरांत दोन्ही असतं आणि आंघोळीच्या नळाला नेमकं कुठलं येतं हे घरातल्या निम्म्या माणसांना माहीत नसतं. माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपत खाली गेलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. त्यांची साबणातल्या स्निग्धाम्लांशी गाठ पडली की न विरघळणारा चिकट थर तयार होतो. बादलीच्या कडेला आणि टाइल्सवर बसणारी करडी-पांढरी पुटं ती हीच. अंगावरही तो थर थोडाफार राहतो, आणि मग साबण नीट धुतलाच गेला नाही असं वाटत राहतं.

पाणी घरच्या घरी तपासता येतं. तीन रिकाम्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत नर्मदेचं, तिसरीत बोरिंगचं, तिन्हींत सारखंच, निम्म्यापर्यंत. प्रत्येकीत एखाद्या साध्या हातच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा किसून टाका, पाणी किंचित कोमट असू द्या आणि जोरात हलवा. आरओच्या बाटलीत फेस उभा राहील आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेल. पाणी जड (म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं, कठीण) असेल तर फेस पातळ येऊन लगेच बसतो, खालचं पाणी गढूळ होतं आणि वर पांढरी कणी तरंगते. आपली बाटली या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते हे एकदा पाहून ठेवलं की पुढची निवड सोपी होते. बाजारातला डिटर्जंटवर बनवलेला बार या परीक्षेत खोटा दिलासा देतो, कारण जड पाण्यातही तो फेसाळतो. तपासणीला खरा साबणच घ्या.

पाणी जड निघालं तर खोबरेलाचं प्रमाण बरं असलेली वडी शोधा. खोबरेलातल्या लॉरिक आम्लामुळे कठीण पाण्यातही फेस येतो. नुसत्या ऑलिव्हचा किंवा नुसत्या शेंगदाणा तेलाचा साबण बोरिंगच्या पाण्यात मुळीच खुलत नाही. काही जाणती मंडळी साबणात लिंबूसत्त्व घालतात. साबण करताना लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याशी मिळून त्याचं सोडियम सायट्रेट होतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे पुटं कमी बसतात. तुमच्याकडे बोरिंग असेल तर 'यात सायट्रेट आहे का?' हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर तयार असेल तर समोरच्याने आपल्या पाण्याचा विचार केला आहे असं समजा.

साबण होतो कसा, हे गिऱ्हाइकालाही माहीत हवं

तेल आणि कॉस्टिक सोडा यांची पाण्यात प्रक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. खऱ्या साबणाच्या वडीला दुसरी वाटच नाही. त्यामुळे 'आमच्या साबणात कॉस्टिक नाही' असं कुणी म्हणालं तर दोनच शक्यता उरतात. एक तर विकत आणलेला तयार बेस वितळवून साच्यात ओतलेला असतो (त्यातही कॉस्टिक वापरलेला असतोच, फक्त दुसऱ्याने), नाहीतर ती वस्तू साबण नसून डिटर्जंट असते. नीट केलेल्या वडीत मोकळा कॉस्टिक शिल्लक राहत नाही, तो सगळा तेलाशी जुळून गेलेला असतो.

हे हिशेबाचं काम आहे आणि कारागिराची खरी ओळख या हिशेबातच पटते. समजा एक किलो तेलांची लादी आहे: ३०० ग्रॅम खोबरेल, १०० ग्रॅम एरंडेल आणि ६०० ग्रॅम ऑलिव्ह. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळा लागतो, १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम आणि तेवढ्याच एरंडेलाला १३ ग्रॅमच्या आतबाहेर. या लादीचा हिशेब साधारण १४९ ग्रॅमवर येतो. जाणता माणूस त्यात १४१ ग्रॅमच घालतो, म्हणजे पाच टक्के कमी. तेवढ्या प्रमाणात तेल साबण न होता वडीत तसंच राहतं, आणि आंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं होत नाही ते त्यामुळेच. या राखून ठेवलेल्या तेलाला सुपरफॅट म्हणतात. स्टॉलवर 'सुपरफॅट किती ठेवता?' असं विचारलंत तर हाच पाच टक्क्यांच्या आसपासचा आकडा ऐकायला मिळायला हवा. (हा हिशेब समजण्यापुरता दिला आहे. कॉस्टिकचं काम चष्मा, हातमोजे आणि काट्यावरच्या अचूक वजनाशिवाय कुणी घरी करू नये.)

कॉस्टिकचं द्रावण तेलात घोटत गेलं की मिश्रण पातळ पिठल्याइतकं दाटतं, वरून सोडलेली धार क्षणभर पृष्ठभागावर उमटून राहते, आणि तेव्हा ते साच्यात ओततात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लादी कापून वड्या पाडतात. पण तिथे काम संपत नाही. वड्या हवेशीर फळीवर ४ ते ६ आठवडे मुरत ठेवाव्या लागतात. या काळात पाणी उडतं, वडी घट्ट होते, फेस सुधारतो आणि साबण सौम्य होतो. नुसत्या ऑलिव्हची वडी तर सहा महिने ते वर्षभर मुरवतात. ही थंड पद्धत झाली. गरम पद्धतीत मिश्रण शिजवून साबण आधीच पुरा करतात. ती वडी खडबडीत दिसते आणि लवकर वापरता येते, पण थोडी मुरवली तर तीही जास्त टिकते.

आता दिवाळीचा हिशेब करा. गणेश चतुर्थीला ओतलेल्या वडीला लक्ष्मीपूजनापर्यंत आठ आठवडे मिळतात, घटस्थापनेला ओतलेलीला जेमतेम चार. दसऱ्यानंतर ओतलेली वडी दिवाळीत विकायला आली असेल तर ती कच्ची आहे, कितीही सुंदर बांधलेली असली तरी. शिवाय इंदुरात पावसाळ्याची ओल भाद्रपदातही असते आणि त्या हवेत वडी सावकाश सुकते.

मिळतो कुठे

गांधी हॉलची प्रदर्शनं आणि दिवाळीआधीचे मेळे सोडले तर ढक्कनवाला कुआंजवळच्या ग्रामीण हाट बाजारात कारागिरांचे मेळे लागतात, तिथे फेरी मारावी. सेंद्रिय भाजीपाल्याच्या रविवारच्या हाटांतही साबणवाले भेटतात. बाकी रामबाग, सुदामा नगर, लोकमान्य नगर या आपल्या वस्त्यांत तोंडी चौकशी करावी. घरून साबण करणारी एखादी ताई कुणाच्या तरी ओळखीत असतेच, आणि अशांचा माल फळीवर मुरत असताना प्रत्यक्ष बघायला मिळतो. इन्स्टाग्रामवरून मागवायचं असेल तर आधी एकच वडी मागवा.

स्टॉलवर काय बघायचं, काय विचारायचं

पहिला प्रश्न तारखेचा. 'काकू, ही लादी कधी ओतली?' एवढं साधं विचारा. मन लावून काम करणाऱ्या बाईला हा प्रश्न आवडतो. ती वही काढते किंवा वेष्टनावरचा बॅच नंबर दाखवते आणि हातातली वडी खाली ठेवून म्हणते, 'ती अजून पंधरा दिवस थांबू द्या, त्यापेक्षा ही न्या.' असं म्हणणारं माणूस सापडलं की दुकान बदलू नका. उत्तरात नुसतं 'ताजाच आहे हो' आलं तर पुढचा स्टॉल बघा. साबणाच्या बाबतीत ताजेपणा हा गुण नाही.

दुसरा प्रश्न तेलांचा, आणि तोही प्रमाणासकट. 'बदाम आणि केशराचा साबण' या नावात बहुतेक वेळा बदामाचं तेल चमचाभर असतं. खरी वडी ज्या दोन-तीन तेलांवर उभी असते त्यांची नावं हवीत. खोबरेल कडकपणा आणि फेस देतं, पण फार झालं तर त्वचा कोरडी करतं. एरंडेल थोडंसंच, शेकडा पाच ते दहा असलं की फेस टिकतो. आणि आपल्या भागाचं म्हणून खास शोधावं ते मोहाच्या बियांचं तेल. झाबुआ, आलीराजपूर, धारकडे मोह भरपूर. हे तेल थंडीत थिजतं, त्यामुळे वडी घट्ट होते आणि फेस बारीक, सायीचा येतो. इंदूरच्या जानेवारीत अंगाला पांढऱ्या भेगा पडतात तेव्हा मोहाची वडी मला बाकी सगळ्यांपेक्षा उजवी वाटते. पाम तेलाचं नाव ऐकून नाक मुरडू नका, वडी घट्ट करायला ते चांगलं. ते वापरलंय हे सांगितलं जातं की लपवलं जातं, एवढं पाहा.

रंगाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण फसगत इथेच सर्वांत जास्त होते. कॉस्टिकमध्ये फार थोडे वनस्पतिरंग टिकतात. बीट घातलं की वडी तपकिरी होते. जास्वंदीचा लाल जातो, गुलाबाच्या पाकळ्या आत घातल्या तर काळपट पडतात. कडुनिंबाच्या पानांचा हिरवा काही आठवड्यांत मातकट होतो. दूध घातलेली वडी बदामी होते. म्हणून झगझगीत गुलाबी वडीवर 'बीटरूट' लिहिलेलं असेल किंवा पोपटी वडीवर 'नीम' लिहिलेलं असेल, तर तो रंग वेगळा घातलेला आहे. टिकणारे रंग म्हणजे मंजिष्ठाचा विटकरी-गुलाबी, नीळीचा निळा, रतनजोतचा जांभळट-करडा, मुलतानी मातीचा फिकट पिवळसर आणि कोळशाचा काळा. हळद सुरुवातीला केशरट होते आणि उन्हात हळूहळू फिकी पडते. शक्य असेल तर एक वडी मधोमध कापून दाखवायला सांगा. मंजिष्ठाच्या वडीत बाहेरचा भाग फिकट आणि गाभा गडद अशी गोल कडा बऱ्याचदा दिसते, आणि कधी तांबडे बारीक ठिपकेही असतात. हातच्या कामाची ही खूण मला फार देखणी वाटते.

आता नाक. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. त्यामुळे दीडशे रुपयांच्या वडीत खरं गुलाबतेल असूच शकत नाही. मोगरा आणि चंदनाचंही तेच. तो वास तयार सुगंधी द्रव्याचा असतो. ते वापरणं गुन्हा नाही, पण वडीवर 'शंभर टक्के नैसर्गिक' छापलं असेल तर ते खोटं. परवडणारे आणि साबणात टिकणारे अस्सल वास म्हणजे गवती चहा, वाळा, पचौली. संत्र्याचा वास गोड असतो पण महिन्या-दीड महिन्यात उडून जातो. लवंग-दालचिनीचं तेल जास्त झालं तर त्वचेला झोंबतं, म्हणून अशा वडीबद्दल सावध राहा. आणि एकाही वासाची गरज नसलेली साधी, बिनवासाची वडी ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडून ती आधी घ्या. तेलांचं काम तिथे उघड दिसतं.

लेबल वाचायला वेळ द्या. 'सोडियम कोकोएट' म्हणजे खोबरेलाचा साबण, 'सोडियम पाल्मेट' पामचा, 'सोडियम टॅलोएट' प्राण्यांच्या चरबीचा. 'प्रोपिलिन ग्लायकॉल' आणि 'सॉर्बिटॉल' दिसले तर तो बहुधा तयार बेस. असा पारदर्शक साबण वाईट नसतो, पण त्याला मुरलेल्या वडीचा भाव देऊ नये, आणि पावसाळ्यात त्याला घाम फुटतो. 'पीएच ५.५' लिहिलेला बार साबण नसतोच, कारण खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या घरात असतो. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे विक्रीच्या मालावर उत्पादन परवाना क्रमांक, पत्ता आणि तारीख हवी. अगदी घरगुती कारागिरांकडे हे सगळं नेहमी सापडत नाही. तेव्हा निदान घटक, वजन आणि तारीख लिहिलेली असावी हा माझा आग्रह असतो. सोरायसिस किंवा एक्झिमा बरा करण्याचा दावा दिसला की वडी खाली ठेवावी. साबण मळ काढतो, रोग बरा करत नाही.

दुकानातल्या बारशी तुलना करायची असेल तर टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध पदार्थांच्या प्रमाणाचा, आकडा बघतात. भारतीय मानकांत पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपला किमान ७६ टक्के लागतो, आणि 'बेदिंग बार'ला ४० टक्के पुरतो. हातच्या वडीत ग्लिसरीन आणि थोडा ओलावा आतच असतो, त्यामुळे हा आकडा तिला सरळ लावता येत नाही.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी तोंडाला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला फेस लावून धुवा, एक दिवस थांबा. खाज-लाली नसेल तर आठवडाभर अंगाला वापरा, मग चेहऱ्याला. लहान बाळांना आणि त्वचेचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांना विचारूनच. आंघोळ झाल्यावर पाच मिनिटांनी त्वचा कशी वाटते हे बघा, फेस किती आला याला फार महत्त्व देऊ नका. ओढल्यासारखी वाटली तर त्या वडीत खोबरेल जास्त किंवा सुपरफॅट कमी. ती उन्हाळ्यासाठी ठेवून द्या, मे महिन्यात घामाला ती उत्तम चालेल.

केसांना हा साबण बोरिंगच्या पाण्यात मी सुचवणार नाही, पुटं केसांवर बसतात. नर्मदेचं पाणी असेल आणि करून बघायचंच असेल तर शेवटच्या तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून केस धुवा. अभ्यंगस्नानाला आधी तेल, मग उटणं, मग साबण हाच क्रम ठेवा. भरपूर तेलावर सुपरफॅट असलेली वडी एकटी पुरी पडत नाही, उटण्याने तेल उचललं की ती आपलं काम नीट करते.

हातची वडी लवकर संपते ही तक्रार बहुतेक वेळा साबणदाणीची असते. आतलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, खाली पाणी साचलं की वडी विरघळत जाते. भोकं किंवा पट्ट्या असलेली लाकडी दाणी घ्या, ती शॉवरच्या धारेपासून दूर ठेवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे वडी सुरीने मधून कापून अर्धीच बाहेर काढणं. दोन अर्ध्या आलटून पालटून वापरल्या, एकीला वाळायला दिवस मिळाला, तर फरक लगेच दिसतो. उरलेल्या वड्या प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका. कागदात किंवा सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा, साड्यांनाही मंद वास लागतो.

वडीवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका. तो कॉस्टिक आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून झालेला सोडा असतो, पहिल्या दोन आंघोळींत निघून जातो. नारिंगी ठिपके आणि जुन्या तेलाचा खवट वास आला तर मात्र तेल कुजलं आहे. ती वडी फरशी पुसायला वापरा आणि कारागिराला फोटो पाठवून कळवा. कुठल्या बॅचचं तेल बिघडलं हे त्याला कळायला हवं.

शेवटी उरलेले तुकडे वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीत, म्हणजे आपल्याकडच्या गिलकीच्या, मधला भाग पोखरून भरा. पाठ घासायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

आवडलेली वडी पुन्हा हवी असेल तर ती संपायच्या दोन महिने आधी सांगावं लागतं. एक किलो तेलाच्या लादीतून साधारण बारा-तेरा वड्या निघतात, म्हणून शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून अख्खी लादी सांगितली तर कारागीर तुमच्या पाण्याप्रमाणे तेलांचं प्रमाण बदलून द्यायलाही तयार होतो. सांगताना नळाला नर्मदा आहे की बोरिंग हे आवर्जून कळवा, आणि तिन्ही बाटल्यांचा फोटोही सोबत पाठवा.